बेरीज फुगली म्हणून डिस्टिंक्ट लावू नका

तुमची अडचण मला समजली ती अशी: ऑर्डर, ऑर्डरचे आयटम आणि पेमेंट अशी तीन टेबलं आहेत. एकाच एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) प्रत्येक ऑर्डरची एकूण रक्कम आणि जमा झालेले पैसे हवेत, पण दोन्ही आकडे फुगतात. 'सम डिस्टिंक्ट' (सारख्या रकमा एकदाच धरून केलेली बेरीज) लावल्यावर काही ऑर्डरी जुळल्या, तेव्हा तेच ठेवू का? नका ठेवू.

एकच ऑर्डर घेऊन कागदावर करून बघा. आयटम तीन: २००, ३००, ३००. पेमेंट दोन: ४०० आणि ४००. दोन्हीकडची खरी बेरीज ८००. आयटमचा पेमेंटशी थेट संबंध काहीच नाही, दोघंही फक्त ऑर्डरला बांधलेले. म्हणून तिन्ही टेबलं एकदम जोडली की प्रत्येक आयटमसमोर प्रत्येक पेमेंट येतं आणि सहा ओळी तयार होतात. आयटमची बेरीज १६००, पेमेंटची २४००. आता डिस्टिंक्ट लावा: आयटम ५००, पेमेंट ४००. म्हणजे आधी जास्त होतं, आता कमी झालं. जुळलेल्या ऑर्डरींमध्ये सगळ्या रकमा योगायोगाने वेगवेगळ्या होत्या, एवढंच. असा रिपोर्ट चुकतो तेव्हा लगेच लक्षातही येत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

आधी बेरीज करा, मग जोडा. एका सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) आयटम ऑर्डर आयडीवर ग्रुप करा, दुसरीत पेमेंट. दोन्हीकडून एका ऑर्डरची जास्तीत जास्त एक ओळ येईल. मग ऑर्डर टेबलाला दोन्ही लेफ्ट जॉइन करा, म्हणजे समोर काही नसलं तरी ऑर्डरची ओळ राहते. पैसे अजून आलेच नसतील तिथे नल (रिकामी किंमत) येईल आणि ८०० मधून नल वजा केला तर उत्तरही नलच, तेव्हा नलऐवजी दुसरी किंमत देणाऱ्या कोअलेसने शून्य करून घ्या.

तुमच्या क्वेरीत 'पेमेंट यशस्वी' ही अट शेवटच्या व्हेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या भागात) आहे. पेमेंट न आलेल्या ऑर्डरी गायब होतात त्या यामुळेच: तिथे स्टेटस नल असतं, अट पूर्ण होत नाही आणि लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो. ती अट पेमेंटच्या सबक्वेरीत हलवा.

'पेमेंट न आलेल्या ऑर्डरी' शोधायला नॉट इन ('या यादीत नाही' ही अट) वापरलंत आणि एकही ओळ आली नाही, त्याचं कारणही नलच. आगाऊ पैसे घेताना तुम्ही ऑर्डर आयडी रिकामा ठेवता. नॉट इनच्या यादीत एक जरी नल आला तरी कुठल्याच ओळीसाठी अट 'खरी' ठरत नाही. त्याऐवजी नॉट एक्झिस्ट्स ('अशी ओळच नाही' ही अट) लिहा.

खरं तर हा रिकामा आयडी डिझाइनबद्दलच काहीतरी सांगतोय. एक पेमेंट दोन ऑर्डरींत विभागलं गेलं तर काय करणार? पेमेंट आणि ऑर्डर यांच्यामध्ये वाटपाचं टेबल घाला: पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी, रक्कम. प्रायमरी की (ओळ एकमेव ठरवणारी ओळख) पहिल्या दोन कॉलमची मिळून. मग आगाऊ पेमेंट म्हणजे ज्याचं वाटप अजून झालेलं नाही असं पेमेंट, आणि पेमेंट टेबलात ऑर्डर आयडीच लागणार नाही. वरच्या दुसऱ्या सबक्वेरीत बेरीज मात्र वाटपाच्या रकमेची करायची.

ऑर्डर टेबलात 'एकूण' कॉलम ठेवायचा तुमचा विचार मी सध्या तरी बाजूला ठेवला असता. आयटममध्ये विक्रीच्या वेळचा भाव लिहून ठेवणं योग्यच, कारण उत्पादनाचा भाव उद्या बदलेल. पण बेरीज साठवली की आयटममधल्या प्रत्येक बदलाबरोबर तीही बदलावी लागते आणि एखाद्या ठिकाणी ते करायचं राहून जातंच. रकमांचे कॉलम फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारे) असतील तर आधी डेसिमल (नेमके साठवणारे) करा.

वेगाचं म्हणाल तर, पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमवर आपणहून इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बनवत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन बनवतं. तुम्ही पोस्टग्रेवर आहात, तेव्हा आयटम आणि वाटप या दोन्ही टेबलांत ऑर्डर आयडीवर इंडेक्स आहे का ते बघा. नसेल तर तो टाका आणि एक्सप्लेन ॲनालाइझचं (क्वेरी कशी चालली आणि किती वेळ लागला ते दाखवणाऱ्या आदेशाचं) आउटपुट इथे द्या, मग पुढचं बघू.