ऑक्सिजनची मशीन: आधी तीन महिने भाड्याने, मग खरेदीचं बघू

प्रश्न (यावल तालुक्यातून): वडील (आबा) ६८ वर्षांचे, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट धापेचा आजार) आहे. जळगावला ॲडमिट होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटरच्या फ्लोने रोज १६ तास ऑक्सिजन लिहून दिला आणि तीन महिन्यांनी परत दाखवायला सांगितलं. डीलरने १० लिटरची मशीन (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर), दोन जंबो सिलिंडर, खोलीत पाइपलाइन आणि इन्व्हर्टर असं १ लाख ८५ हजारांचं कोटेशन दिलंय. नुसती ५ लिटरची मशीन ४८ हजारांना पडते. भाड्याने महिना ४,५०० आणि डिपॉझिट १० हजार. माझी दोन लाखांची एफडी बँकेत आणि दोन लाखांची पतसंस्थेत आहे. सुरतचा भाऊ म्हणतो, एकदाच सगळं घेऊन टाक. एफडी मोडू का?

उत्तर: भाऊ, डीलरचं कोटेशन जरा बाजूला ठेवा आणि डिस्चार्ज कार्ड परत वाचा. ‘तीन महिन्यांनी परत दाखवा’ हे उगाच लिहिलेलं नसतं. आजार बळावला की रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, आणि पेशंट सावरला की बऱ्याच जणांचा तो पुन्हा वर येतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी एबीजी (रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी तपासणी) करून, कायमचा ऑक्सिजन लागणार का, हे ठरवतात. लागणारच असं ठरलं तर दिवसाला किमान १५ तास द्यावा लागतो. पण ते अजून ठरायचंय. तोवर पावणेदोन-दोन लाख अडकवण्यात काय हशील?

भाड्याचे तीन महिन्यांचे होतात साडेतेरा हजार, डिपॉझिट परत मिळतं. ४८ हजारांची मशीन भाड्याच्या हिशेबाने साडेदहा-अकरा महिन्यांत वसूल होते. म्हणजे आबांना वर्षभराहून जास्त लागणार असेल तर खरेदी, नाहीतर भाडं. पुढे हीच मशीन घेतली तर भाड्यातलं किती वळतं करणार, हे डीलरला आजच विचारा आणि लिहून घ्या.

१० लिटरचा हट्ट मात्र सोडा. आबांना लागतात दोन लिटर. ५ लिटरची मशीन म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारी, त्यात पुरेशी जागा आहे. मोठी मशीन घरात असली की ‘आबांना धाप लागली, वाढवा जरा’ म्हणत कोणीतरी नॉब फिरवतं. सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. डॉक्टर रक्तातल्या ऑक्सिजनच्या पातळीचं साधारण ८८ ते ९२ टक्क्यांचं टार्गेट देतात ते याचसाठी. फ्लो त्यांना विचारल्याशिवाय हलवायचा नाही.

आता विजेचा हिशेब. तो कोटेशनमध्ये कोणीच दाखवत नाही. ५ लिटरची मशीन साधारण ३५० वॅट खाते. १६ तासांचे रोज साडेपाच युनिट, महिन्याला १६८. युनिटला दहा रुपये धरले तर १,७०० च्या आसपास. १० लिटरची ६०० वॅटपर्यंत जाते, तिचे महिन्याला २८८ युनिट. म्हणजे वापरात नसलेल्या ताकदीसाठी महिना १,२०० जादा, आणि वरचा स्लॅब लागला तर त्याहून जास्त.

त्याआधी एक सांगा, आबा गावात राहतात की मळ्यात? शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते, आठ-आठ तास. तिथे १६ तास मशीन चालवणं होणारच नाही. मळ्यात असतील तर त्यांना गावठाणातल्या घरी आणा. यासाठी एक रुपया लागत नाही. इन्व्हर्टर घ्या, पण प्युअर साइनवेव्हच (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) घ्या आणि त्याच्या भरवशावर रात्र काढू नका. १५० एएचची एक बॅटरी ही मशीन जेमतेम तीन तास ओढते.

वीज गेल्यावरचा खरा आधार सिलिंडरच. तरी दोन जंबो कशाला? जंबोत सात हजार लिटर गॅस, दोन लिटरने एकच ५८ तास पुरतो. बी-टाइप छोटा सिलिंडर १,५०० लिटरचा, साडेबारा तास चालतो आणि घरातली दोन माणसं तो हलवू शकतात. तो एक भाड्याने ठेवा. फक्त मेडिकल ऑक्सिजनचा घ्या, वेल्डिंगवाल्याकडचा नको. मशीनमधून सिलिंडर भरायचा, मोठ्यातून छोट्यात उतरवायचा, असले उद्योग घरी करायचे नाहीत. नंदुरबारला कोविडच्या काळात जे ऑक्सिजन प्लांट उभे राहिले तेही तुमच्या मशीनसारखेच झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांनी हवेतला नायट्रोजन वेगळा काढतात, पण त्यांच्यामागे हॉस्पिटलची यंत्रणा असते. पाइपलाइनचे पैसे वाचवा, सात-आठ मीटरची नळी पुरते.

सुरक्षेचा खर्च जवळपास शून्य आहे. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला, उन्हापासून लांब. रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल भडकतं. नाकाला व्हॅसलीन किंवा बाम नको. देवघरातला दिवा, अगरबत्ती, चूल, गॅस दहा फूट लांब. आबांची बिडी सुटली नसेल तर मशीन आणण्याआधी तीच सोडवा. ऑक्सिजन चालू असताना गोधडी-गादीतही तो मुरतो, म्हणून ‘नळी काढून दोन झुरके’ हेही धोक्याचंच.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. बहुतेक मशीनच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. पत्र्याच्या खोलीत मशीन मरेल. धाब्याची खोली असेल तर तिथे ठेवा, भिंतीपासून फूटभर सोडून. कुलरचा झोत थेट मशीनवर घ्यायचा नाही, ओलाव्याने झिओलाइट खराब होतं. याच कारणासाठी २०२१ मध्ये घेऊन कपाटात पडलेली कोणाची मशीन स्वस्तात मिळत असेल तर ॲनालायझर लावून शुद्धता बघा. दोन लिटरवर ९० टक्क्यांच्या खाली आली तर फुकटही नको. नवी घेताना वॉरंटी किती वर्षांची यासोबत किती तासांची हेही विचारा. तुमच्या वापराने वर्षाला ५,८०० तास होतात.

आता एफडी. बँकेतली अजिबात मोडू नका. अडचण आलीच तर तिच्यावर कर्ज मिळतं, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. मोडायची तर पतसंस्थेतली मोडा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. पतसंस्थांत लोकांचे पैसे अडकलेल्या आपल्या जळगाव जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. दंड बसला तरी बसू द्या. त्यातून भाडं, सिलिंडर, इन्व्हर्टर भागवा आणि उरलेले बँकेत आबांच्या दवाखान्यासाठी ठेवा.

मेडिक्लेममध्ये घरी वापरलेल्या सिलिंडरचे पैसे सहसा मिळत नाहीत. आबांचा आरोग्य विमाच नसेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर आयकरात त्यांच्या औषधोपचाराच्या ५० हजारांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते. अट एकच, पैसे रोखीने दिलेले नसावेत. मशीनचं भाडं त्यात बसतं का, ते सीएला विचारून घ्या.

नो-कॉस्ट ईएमआय म्हणतील, तेव्हा रोख भाव किती ते आधी काढा. मशीन बंद पडली तर २४ तासांत बदली मशीन यावलला पोहोचवणार का, हे करारात लिहून घ्या. आणि सुरतच्या भावाला सांगा, मशीन राहू दे, दर महिन्याचं वाढीव लाइटबिल तू भर.