गाण्याला गवसणी? आधी तंबोऱ्याला विचारा

प्रश्न असा आहे. एका वाचकाने दिवाळी अंकासाठी रॉक गाण्यांच्या कव्हर व्हर्जनांवर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा गाण्यावर, लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं : ‘पुढे किंग्जमेन या बँडने रिचर्ड बेरीच्या “लुई लुई”ला यशस्वी गवसणी घातली.’ संपादकांनी ते खोडलं आणि लिहिलं : ‘किंग्जमेनने “लुई लुई”चे आवरणगीत सादर केले.’ आता वाचक विचारतात, दोघांत बरोबर कोण आणि ‘कव्हर’ला मराठीत म्हणायचं तरी काय?

दोघंही चूक. संपादक जरा जास्तच, पण त्यांच्याकडे मागाहून वळतो.

आधी गवसणी. सकाळी क्रीडापान उघडावं तर कोणीतरी कशाला तरी गवसणी घातलेलीच असते. सुवर्णपदकाला गवसणी, शतकाला गवसणी, मालिकाविजयाला गवसणी. अहो, गवसणी म्हणजे खोळ! तंबोरा, सतार, वीणा यांच्या अंगावर चढवायची कापडी खोळ. बैठक संपली, तारा उतरवल्या, की तंबोरा गवसणीत जातो. ‘आकाशाला गवसणी घालणे’ या वाक्प्रचारातली सगळी गंमत आकाशात आहे, गवसणीत नाही. आकाशाएवढ्या वस्तूला खोळ शिवायला निघणं, म्हणजे अशक्याच्या मागे लागणं. पदक तळहातावर मावतं. त्याला खोळ शिवायला गल्लीतला शिंपी पुरे, त्यासाठी ऑलिंपिकला जायला नको.

हा घोटाळा झाला कसा, ते उघड आहे. ‘पदक गवसलं’ हे चांगलं मराठी. गवसणं म्हणजे सापडणं, हाती लागणं. कोणाला तरी ‘गवसलं’ साधं वाटलं, ‘गवसणी घातली’ भरजरी वाटलं, आणि एकाचं वाचून दुसऱ्याने लिहिलं.

आता ज्यासाठी मी हा प्रश्न हाती घेतला, ते सांगतो. गवसणे आलं ‘गवेषण’वरून. गवेषण म्हणजे शोध, आणि त्यातला ‘गव’ म्हणजे गाय. गो अधिक एष, गाईंची इच्छा, गाईंचा माग. वेदकाळी शोधण्यासारखी वस्तू एकच, हरवलेली किंवा शेजाऱ्याने हाकून नेलेली गुरं. ऋग्वेदात ‘गविष्टि’ म्हणजे गाईंची आस, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ लढाई, कारण गुरं मागून कोण परत देतो? पुढे गाय गळाली आणि नुसता शोध उरला. बंगालीत आजही संशोधनाला ‘गबेषणा’ म्हणतात. कोलकात्यात पीएच.डी. करणारा प्रत्येक जण व्युत्पत्तीच्या हिशेबाने गुरं शोधत हिंडतोय. आपल्याकडे मात्र शोध घेणाराही गळाला आणि सापडणारी वस्तू तेवढी राहिली. मी गवेषण करत नाही, मला काहीतरी गवसतं. या फरकावर कोणी तरी प्रबंध लिहायला हवा.

मग खोळ या अर्थाची गवसणी कुठली? माझे एक संस्कृतज्ञ स्नेही आहेत. ते छातीठोकपणे सांगतात, ‘कवच’वरून. कवच, कवस, गवस, गवसणी. ऐकायला गोड आहे, पण प्राकृताने असं कधी केलेलं नाही. दोन स्वरांमधला ‘च’ प्राकृतात ‘स’ होत नाही, तो नाहीसा होतो. सूचीची सुई झाली, सुसी झाली नाही. वचनाचं वयण झालं. कवचाचं फार तर ‘कवय’ होईल आणि तिथून गवसणीपर्यंत यायला गाडी बदलावी लागेल. उलट गवेषणाचं गवेसण आणि त्याचं गवसण होण्यात काडीची अडचण नाही, कारण ‘ष’चा ‘स’ होणं हा तर प्राकृताचा रोजचा व्यवहार. अडचण अर्थाची, आणि तीही मला मोठी वाटत नाही. ‘चोर गवसला’ म्हणजे नुसता दिसला नव्हे, तावडीत आला. जे गवसतं ते चहूबाजूंनी पकडीत येतं. वस्तूला सगळीकडून पकडणारी ती गवसणी. हे माझं मत आहे. स्नेह्यांना ते पटलेलं नाही आणि पटेल अशी आशाही मी सोडली आहे. ते अजून सुसीनेच शिवताहेत.

आता संपादकांचं आवरणगीत. हा शब्द कोशात पाहून केलेला आहे, गाणं ऐकून नव्हे. इंग्रजी ‘कव्हर’चं मूळ लॅटिनमध्ये, झाकणे या अर्थाचं, हे खरं. (आपला कर्फ्यूही त्याच घरातला. फ्रेंचमधलं ‘कुव्र-फ’, म्हणजे रात्री विस्तव झाका.) पण रेकॉर्डच्या धंद्यात कव्हर शिरला तो झाकण म्हणून नव्हे, बाजारपेठेतला शब्द म्हणून. १९५० च्या आसपास अमेरिकेत एखाद्या कंपनीची तबकडी खपायला लागली, की दुसरी कंपनी तेच गाणं आपल्या गायकाकडून घाईघाईने गाऊन घेई आणि दुकानात शेजारी ठेवी. गिऱ्हाईकाने गाणं मागितलं तर आपलीही तबकडी हजर असावी, एवढाच हेतू. बाजाराची ती बाजू ‘कव्हर’ केली, म्हणजे सांभाळली. विमा कव्हर करतो आणि वार्ताहर सभा कव्हर करतो, त्यातलंच हे. हे सांभाळणं कसं असे ते पाहा. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ १९५५ च्या अखेरीस आलं. तो कृष्णवर्णीय. लगोलग तेच गाणं गोऱ्या, सुसंस्कृत पॅट बूनने गायलं. पॉपच्या यादीत रिचर्ड १७ व्या क्रमांकापर्यंत गेला, बून १२ व्या. रिचर्डच्या आवाजातली आग बूनकडे औषधालाही नाही. पण पुष्कळ गोऱ्या रेडिओ केंद्रांना तेच हवं होतं. अशा ठिकाणी आवरणगीत लिहिणं म्हणजे दरोड्याला स्थलांतर म्हणण्यासारखं आहे.

आता ‘लुई लुई’. तुमच्या वाक्याचा मला राग आला खरा, पण हे गाणं आठवलं आणि मी हसत सुटलो. कारण मूळ अर्थाने पाहिलं, तर या एकाच गाण्याला खरोखर गवसणी घातली गेली आहे.

रिचर्ड बेरी लॉस एंजेलिसचा. रेने तूझेची ‘एल लोको चा चा’ ही क्युबन वळणाची धून त्याने एका बँडकडून ऐकली. तिची सुरुवातीची लय त्याच्या डोक्यात बसली आणि तिच्यावर त्याने आपले शब्द बसवले. एक खलाशी दारूच्या गुत्त्यातल्या लुईला सांगतो आहे, माझी प्रेयसी जमैकात वाट पाहते आहे, मला निघायला हवं. (मराठी खलाशी ‘निघतो’ही म्हणाला नसता. तो ‘येतो रे लुई’ म्हणून बोटीवर चढला असता.) बेरीची तबकडी १९५७ मध्ये आली, तीही मागच्या बाजूला. शांत, डुलणारं, एकेक शब्द सुटा ऐकू येणारं गाणं. बेताचं चाललं. पुढे लग्नाला पैसे हवेत म्हणून बेरीने गाण्याचे हक्क ७५० डॉलरला विकून टाकले.

१९६१ मध्ये वायव्य अमेरिकेतल्या टकोमा गावच्या वेलर्स या बँडबरोबर रॉबिन रॉबर्ट्सने ते जोरकस करून गायलं. ती तबकडी त्या भागातल्या ज्यूकबॉक्सांवर सारखी वाजे. तिथे ती ऐकून ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या किंग्जमेनने गाणं उचललं. गायक जॅक ईलीने बाकीच्यांना ते शिकवलं, पण आठवणीतून, आणि आठवण सरकलेली. मुळात ठोका चारचा आणि मग दोनचा. ईलीने शिकवला तीन-दोन, तीन-दोन. एप्रिल १९६३ मध्ये एका छोट्या स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं. माइक छताजवळ टांगलेला, ईलीच्या दातांना तारा, मान वर करून तो ओरडतो आहे आणि भोवती सगळी वाद्यं. शब्द एकही धड ऐकू येत नाही. गिटारचा तुकडा संपल्यावर तर तो दोन मात्रासमूह आधीच सुरू होतो, चूक ध्यानात येऊन थबकतो, ड्रमवाला मधली जागा भरून काढतो आणि मग सगळे मिळून पुढे जातात. हे सगळं तसंच छापलं गेलं आणि देशाच्या यादीत २ ऱ्या क्रमांकावर पोचलं. त्याच महिन्यात, त्याच स्टुडिओत पॉल रिव्हिअर अँड द रेडर्सनेही तेच गाणं रेकॉर्ड केलं होतं. ते कितीतरी सफाईदार आहे आणि आज त्याची आठवण कोणी काढत नाही.

शब्द कळत नाहीत म्हटल्यावर पोरांनी आपापले शब्द घातले, अर्थातच चावट. ते कागद वर्गातून फिरले, पालकांच्या हाती लागले. १९६४ मध्ये इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी हे गाणं वाजवू नका म्हणून रेडिओ केंद्रांना सांगितलं. तक्रारी अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींपर्यंत गेल्या आणि एफबीआयने तपास हाती घेतला. तबकडी हळू फिरवली, जलद फिरवली, प्रयोगशाळेत नेली. शंभराच्या वर पानांची फाइल झाली. निष्कर्ष : कोणत्याही वेगाने वाजवा, शब्द समजत नाहीत. पाठभेदांचा अभ्यास इतक्या तन्मयतेने भांडारकर संस्थेबाहेर क्वचित झाला असेल. गंमत म्हणजे रेकॉर्डिंगच्या ५४ व्या सेकंदाच्या आसपास मागून एक अस्सल शिवी ऐकू येते. ड्रम वाजवणाऱ्या लिन ईस्टनची, म्हणतात. चावटपणा शोधायला बसलेल्यांना तेवढीच गवसली नाही.

आता पुन्हा तंबोरा. गवसणी चढली की वाद्य दिसत नाही आणि वाजतही नाही. बेरीच्या गाण्याचं नेमकं हेच झालं. किंग्जमेननंतर ‘लुई लुई’ हजाराच्या वर वेळा रेकॉर्ड झालं असेल. किंक्स, बीच बॉइज, ओटिस रेडिंग, मोटरहेड, ब्लॅक फ्लॅग, कोणी सोडलं नाही. त्यातले बहुतेक बेरीकडे जातच नाहीत. ते ईलीचा तीन-दोन घेतात, काही जण तर त्याचं ते लवकर घुसणंही इमाने इतबारे वाजवतात. आत वाद्य आहे हे विसरून लोक खोळच वाजवत बसले. अपवाद म्हणून टूट्स अँड द मेटल्सचं ऐका, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. लॉस एंजेलिसच्या माणसाने जमैकन ढंगाच्या मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं गाणं अखेर खऱ्या जमैकन माणसाच्या तोंडी आलं, तेही जमैकाच्याच रेगे संगीतात. माझ्या कानाला बाकीच्या सगळ्यांपेक्षा ते अधिक रुचतं.

बेरीला त्याचे हक्क १९८० च्या दशकात एका जाहिरातीच्या निमित्ताने परत मिळाले. जाहिरातवाल्यांना त्याची सही हवी होती, वकील कामाला लागला आणि आईच्या घरी हलाखीत राहणाऱ्या माणसाला त्याचं गाणं गवसलं. क्रीडापानवाल्यांनी ‘गवसलं’ हे असं वापरावं.

मराठी शब्दाचं म्हणाल, तर आपल्याकडे रीत उलटी होती, म्हणून शब्द घडला नाही. कव्हरमध्ये शब्द तेच, चाल तीच, गाणारा नवा. आपल्या संगीत नाटकांत चाल जुनी आणि शब्द नवे. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून पदाच्या डोक्यावर ‘चाल – अमुक’ असं छापायचा रिवाज पडला. कानडी चाल असो, लावणीची असो, ज्याची त्याला तिथेच पोचपावती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाती ‘लुई लुई’ पडलं असतं, तर वर सरळ ‘चाल – एल लोको चा चा’ असं छापलं गेलं असतं आणि अर्धे वाद तिथेच मिटले असते. ख्यालाच्या बंदिशीला तर कव्हर हा प्रश्नच लागू नाही. तिचा रचनाकार ठाऊक असला, तरी ती ज्याने त्याने आपापली गायचीच असते.

तेव्हा ‘कव्हर’ म्हणा. शब्द मराठीत केव्हाच रुळला आहे आणि क्रियापद बदलून आपण त्याचे अर्थही वेगळे ठेवले आहेत. जूनमध्ये वहीला कव्हर घालतात, उशीला चढवतात, सभा आणि गाणं कव्हर करतात. सुशिक्षित सोडून कोणाचाही यात घोळ होत नाही. कव्हर नकोच असेल तर ‘बेरीचं गाणं किंग्जमेनने गायलं’ असं लिहा. मराठीला तेवढं पुरतं.

तुमचं वाक्य असं करा : ‘पुढे किंग्जमेनने रिचर्ड बेरीचं “लुई लुई” कव्हर केलं आणि ते गाजलं.’ ‘यशस्वी’ काढा, गाजलं म्हटल्यावर तो फुकट बसतो. आणि तुमच्या पुढच्याच ओळीत ‘लुई नावाच्या प्रेयसीला उद्देशून’ असं आलं आहे, ते संपादकांच्याही नजरेतून सुटलं. लुई पुल्लिंगी आहे. तो गल्ल्यावर उभा आहे. प्रेयसी जमैकात आहे आणि तिचं नाव बेरीने सांगितलेलं नाही.