टेन्शनचा गोळा समजून आले, निघाली बुरशी

"मॅडम, घशात काहीतरी अटकल्यासारखं वाटते, कॅन्सर तं नसेल?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, नागपुरात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारे इतके की ही भीती घरोघरी आहे, आणि बरेचदा ते टेन्शनच निघतं. हे भाऊ मात्र वेगळे निघाले (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत).

पन्नाशीचे, खर्रा सोडून चार वर्षं झालेली. घरच्यांनी ठरवूनच टाकलेलं की यांच्या डोक्यात बसलंय. खोटं कशाला बोलू, मलाही आधी तसंच वाटलं. मग सहज विचारलं, जेवताना कसं होतं? तर म्हणे "घास उतरताना छातीच्या मधोमध दुखून राहते, तर्री तं सोडाच, संत्र्याचा रसही झोंबते."

इथे मी थबकले. टेन्शनचा गोळा नुसती थुंकी गिळताना जाणवतो, जेवायला बसलं की उलट कमी होतो, त्यात घास दुखत नाही. रुमाल काढताना त्यांच्या खिशातून दम्याचा पंप खाली पडला. रोज घेता? हो, दोनदा. मग गुळण्या करता? "काहून? गुळण्या कशाले?" वरून शुगरही वाढलेली.

पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेला पांढरे चट्टे दिसले, तुकडा तपासला तर कॅन्डिडा नावाची बुरशी. तोंडात काहीच नव्हतं, म्हणजे आरशात जीभ बघून कळलंच नसतं.

माझं खरं काम इथून सुरू झालं. डॉक्टरांनी एचआयव्ही टेस्ट लिहून दिली आणि घरात तीन दिवस अबोला! वहिनींना समोर बसवून सांगितलं, ही बुरशी प्रतिकारशक्ती कमी झाली की अन्ननलिकेत वाढते म्हणून ती टेस्ट सांगतात, कोणी संशय घेत नाहीये, आणि स्टेरॉइडचा पंप घेऊन गुळण्या न करणं न् शुगर ही कारणं तर घरातच आहेत. टेस्ट निगेटिव्ह आली.

फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) 21 दिवस होतं. आठवड्यात घास दुखायचा थांबला तर हे गोळ्या बंद करायला निघाले, पंपपण नको म्हणाले. दम्याचं काय मग? डॉक्टरांना न विचारता दोन्ही बंद करू नका म्हणून दटावलं, पंपाला स्पेसर (औषध घशात कमी साचावं म्हणून जोडायची नळी) लावून घेतला.

परवा वहिनींचा फोन होता, पंप आता बेसिनवर ब्रशच्या ग्लासातच ठेवतात म्हणे, आधी पंप, मग ब्रश, मग गुळण्या.