चिवट व्हायरस: आधी नेट तोडा, मग बाकीचं

कॉम्प्युटरमधला व्हायरस काढला तरी परत येतोय? घाबरू नका, आणि लगेच फॉरमॅटही मारू नका. आधी वाय-फाय बंद करा. बँकेचे, मेलचे पासवर्ड बदला, पण मोबाइलवरून. याच कॉम्प्युटरवर बदललेत तर चोराच्या हाती नवी किल्ली.

काढलेला व्हायरस परत येतो, कारण विंडोज चालू असताना तोही चालूच असतो आणि लपून बसतो. म्हणून विंडोज १० किंवा ११ मधल्या ‘विंडोज सिक्युरिटी’त स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. उघड्या फाइल्स सेव्ह करून ठेवा, मशीन रीस्टार्ट होतं. विंडोज सुरू व्हायच्या आतच तपासणी होते, साधारण १५ मिनिटांत.

नवखे हमखास इथे फसतात:
- एकावर एक दोन अँटिव्हायरस टाकतात. दोघं आपसातच भांडतात.
- स्क्रीनवर झळकलेल्या ‘हेल्पलाइन’ला फोन लावतात. तिकडे भामटाच बसलेला असतो.
- पेन ड्राइव्ह विसरतात. मीही एकदा सगळं साफ करून संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह लावला. झालं, पुन्हा पहिल्यापासून!

क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वापरलेलं, सॉफ्टवेअर असेल तर काढून टाका. बऱ्याचदा घाण तिथूनच येते. रजिस्ट्रीला (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीला) सध्या हात लावू नका. एवढं करूनही तो परत आलाच, तर फक्त फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि विंडोज नव्याने टाका.