कर्ज काढून आत्ताच बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया, की पॉलिसीतली प्रतीक्षा संपेपर्यंत थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका ताईंचं वय ४१, उंची १६० सेंटिमीटर, वजन ९९ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह, दोन गोळ्या चालू, तरी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.१. सर्जननी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन घटवण्यासाठी पोटाचा मोठा भाग काढण्याची बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया सुचवली आहे, पॅकेज सव्वाचार लाख. हॉस्पिटलच्या फायनान्स डेस्कवरून ५ लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्के व्याज, ३ वर्षं मुदत अशी ऑफर आली आहे. स्वतःची ५ लाखांची हेल्थ पॉलिसी २२ महिन्यांपूर्वी घेतली, त्यात आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांची प्रतीक्षा, तोवर त्यांचे पैसे मिळत नाहीत. मुलगी अकरावीत, तिच्या शिक्षणासाठी ६ लाखांची एफडी. अडीअडचणीसाठी १.२ लाख वेगळे. घराचा हप्ता आणि संसार भागून दोघांच्या पगारातून महिन्याला १८,००० उरतात. नणंदेचं वजन ३२ किलोंनी उतरलं, ती म्हणते लगेच कर. ऑफिसमधल्या मैत्रिणीचं तीन वर्षांत बरंचसं परत आलं, ती म्हणते पैसे पाण्यात. ‘मिस्टरांच्या कंपनीची ३ लाखांची फॅमिली पॉलिसी आहे, पण ती लहानसहान आजारांसाठी ठेवली आहे,’ असं त्यांनी पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे.

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे शेवटचंच आहे. कर्जाच्या कागदावर या महिन्यात सही करू नका. आधी मिस्टरांच्या एचआरकडून त्या ग्रुप पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा. एका पानाचं माहितीपत्रक नव्हे, अटींसकट पॉलिसी.

कारण असं की कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत जुन्या आजारांची प्रतीक्षा बहुतेक वेळा काढून टाकलेली असते. म्हणजे तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचे उरलेले १४ महिने तिथे आड येणार नाहीत. आड येऊ शकतं ते लठ्ठपणाच्या उपचारांचं कलम. विमा नियामक इर्डाईने २०१९ मध्ये न भरपाईच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली, त्यात हे कलम आहे. त्यानुसार बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो तो या अटींवर: डॉक्टरांचा सल्ला हवा, शस्त्रक्रियेला वैद्यकीय नियमावलीचा आधार हवा, वय १८ पूर्ण हवं, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० च्या मध्ये असेल तर सोबत गंभीर आजार लागतो: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास थांबवणारा तीव्र स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय वजन घटवण्याचे सौम्य उपाय करून ते फसलेले असायला हवेत. काही ग्रुप पॉलिसींत यावर आणखी मर्यादा किंवा पूर्ण मनाई लिहिलेली असते, म्हणून प्रत वाचणं भाग आहे.

तुमचा बीएमआय ३८.७ येतो. म्हणजे तुमचा दावा मधुमेहाच्या दारातून आत जाणार, आणि तिथे कागद बोलतात. ‘आटोक्यात नसलेला’ हे एका रिपोर्टवरून ठरत नाही. औषधं चालू असतानाचे मागच्या एक-दोन वर्षांचे एचबीए१सी, प्रत्येक वेळी बदललेल्या डोसच्या चिठ्ठ्या, आहारतज्ज्ञांच्या तारीखवार नोंदी, व्यायामाचा डॉक्टरांनी लिहून दिलेला सल्ला आणि त्यानंतरची वजनं, हे सगळं लागेल. ‘मी खूप डाएट केलं’ हे टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेला) सांगून उपयोग नाही. तुम्ही घोरता असंही लिहिलं आहे, पण झोपेची तपासणी झालेली नाही. ती करून घ्या. तीव्र अॅप्निया निघाला तर दाव्याला दुसरा स्वतंत्र आधार मिळेल, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते आधी कळायलाच हवं.

इथे बऱ्याच जणांची एक चूक होते. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे यकृताची सूज उतरावी म्हणून कमी उष्मांकाचा द्रव आहार देतात, त्यात वजन उतरतं. ज्यांचा बीएमआय ३५ च्या काठावर असतो ते दाखल होण्याच्या दिवशी रेषेखाली जातात आणि दावा अडकतो. तुमच्या उंचीला ३५ ची रेषा ८९.६ किलोवर आहे, त्यामुळे तुम्हाला अंतर आहे. तरीही आहार सुरू होण्याआधीचं वजन आणि उंची सर्जनच्या चिठ्ठीवर तारखेसह लिहून घ्या.

हॉस्पिटलच्या समुपदेशकांनी ‘तीन-चार किलो वाढवून या, ४० झालं की सोपं’ असं सुचवल्याचं तुम्ही लिहिलं आहे. ते करू नका. ९.१ एचबीए१सी असताना मुद्दाम वजन वाढवणं म्हणजे भूल आणि जखम भरणं दोन्हींची जोखीम वाढवणं. आणि चार महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर ९९ असताना अचानक १०३ दिसलं तर टीपीएलाही प्रश्न पडतो.

‘सर्जन म्हणतात मी पात्र आहे, मग विमा कंपनी कशी नाही म्हणेल?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शनात बीएमआय ३५ ला इतर आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवली आहे, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करावा असं म्हटलं आहे. विम्याच्या कलमातले ४० आणि ३५ हे आकडे मात्र १९९१ च्या अमेरिकी शिफारशीतलेच आहेत. म्हणून सर्जनचा होकार हा विम्याचा होकार धरू नका. प्री-ऑथ, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, लेखी हातात येईपर्यंत तारीख पक्की करू नका आणि परत न मिळणारं डिपॉझिट भरू नका.

आता खोलीचं भाडं. दावा मंजूर होऊनही पैसे सगळ्यात जास्त इथेच कापले जातात. समजा ग्रुप पॉलिसीत रोजचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० आहे आणि तुमचं पॅकेज ६,००० च्या सिंगल रूमवर बेतलेलं आहे. मग कंपनी फक्त भाड्यातला फरक कापून थांबत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने कापू शकते. ही रक्कम २ लाख असेल तर १ लाख तुमच्या खिशातून. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तूंवर ही कपात लागत नाही. उपाय साधा आहे: ट्विन शेअरिंगचं, म्हणजे दोन रुग्णांच्या खोलीचं पॅकेज मागा, खोली बदलली की सर्जनची फीसुद्धा बदलते. त्याच वेळी लेखी विचारा की पॅकेजमध्ये पोट कापून टाके घालणाऱ्या स्टेपलरच्या किती कार्ट्रिज धरल्या आहेत, जास्त लागल्या तर एकीचे किती, आणि टाक्याच्या रेषेतून गळती झाली, रक्तस्राव झाला किंवा आयसीयू लागला तर पुढचं बिल कोणाचं. गळती क्वचितच होते, पण झाली तर मुक्काम आठवड्यांवर जातो आणि पॅकेज तिथेच संपतं.

ग्रुप पॉलिसी तिघांत मिळून आहे, हेही लक्षात ठेवा. तुमच्यावर ३ लाख खर्ची पडले की वर्ष संपेपर्यंत मिस्टर आणि मुलगी उघडे पडतात. पॉलिसी दर १ एप्रिलला नवी होते असं तुम्ही लिहिलं आहे. डॉक्टरांना चालत असेल तर शस्त्रक्रिया फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. उघडेपणा काही आठवड्यांचाच राहील, आणि पुढे काही गुंतागुंत होऊन पुन्हा दाखल व्हावं लागलं तर नव्या वर्षाचे ३ लाख हाताशी असतील. तोवरच्या महिन्यांत महिना १८,००० बाजूला पडतील, त्यातून पॅकेजमधली ३ लाखांवरची सव्वा लाखाची तूट भरून निघेल. एफडीला हात लावायची वेळ बहुधा येणार नाही.

कर्जाचा हिशोबही मांडतो. ५ लाख, १४ टक्के, ३६ महिने: हप्ता सुमारे १७,०९०, एकूण व्याज सुमारे १.१५ लाख. तुमचे उरणारे १८,००० जवळजवळ सगळे त्यात गेले. आणि शस्त्रक्रियेनंतरचा खर्च तर अजून धरलेलाच नाही. पोटाचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढल्यावर रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं जेवणातून पुरी होणं सुरुवातीला अवघड असतं, म्हणून प्रोटीन पावडर लागते. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी३, कॅल्शियम सायट्रेट, लोह या गोळ्या लागतात. पहिल्या वर्षी मी महिना ४,००० धरतो, म्हणजे ४८,०००. चार वेळा रक्ततपासण्यांचे २०,०००, आहारतज्ज्ञांचे १०,०००. झाले ७८,०००. त्यानंतर वर्षाला २५,००० च्या आसपास, आणि ते कायमचे. यातला फार थोडा भाग डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांच्या कव्हरमध्ये बसतो, पूरक गोळ्या तर सहसा नाकारतात. वजन भरभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्याचं ऑपरेशन हा वेगळा खर्च. लोंबणाऱ्या त्वचेची शस्त्रक्रिया सौंदर्योपचारात धरली जाते, विमा तिला पैसे देत नाही. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या तर थोडी बचत होईल. सहा वर्षांचाच मधुमेह आहे आणि इन्सुलिन नाही, ही जमेची बाजू. पण ती बचत बजेटमध्ये आधीच धरू नका.

फायनान्स डेस्कवर ‘टॅक्स वाचेल’ असंही सांगितलं गेलं. साठीच्या आतल्या व्यक्तीला शस्त्रक्रियेच्या खर्चावर आयकरात आरोग्य विम्याची वजावट (जुन्या कायद्यातलं कलम ८०डी) नाही, प्रीमियमवर आहे आणि तीही जुन्याच कररचनेत.

नणंद आणि मैत्रीण दोघींचं खरं आहे, फक्त दोघी वेगवेगळ्या टप्प्यांवरून बोलताहेत. पहिल्या वर्ष-दीड वर्षात जवळजवळ सगळ्यांचंच वजन झपाट्याने उतरतं. दोन वर्षांनंतर थोडं परत येणं नेहमीचं आहे, आणि तपासण्या-आहार सुटला की ते जास्त येतं. शस्त्रक्रियेला पाच वर्षं झालेली माणसं शोधा आणि त्यांना किती किलो उतरलं हे विचारू नका. पॅकेजवर किती पैसे गेले, आज महिन्याला किती जातात, कोणती गोळी बंद झाली, स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढली का, हे विचारा. जळजळ आत्ताच असेल तर गॅस्ट्रिक बायपास (पोट लहान करून आतड्याला जोडण्याची दुसरी पद्धत) बरा का, हे सर्जनशी बोला. पद्धत बदलली तर पॅकेजही बदलतं आणि प्री-ऑथ नव्याने लागतं.

ग्रुप पॉलिसीत मनाईच निघाली तर १४ महिने थांबणं हा माझा दुसरा पर्याय आहे, पण थांबणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे. ९.१ ने डोळे आणि मूत्रपिंडं झिजतात, त्याचा खर्च कुठल्याही व्याजापेक्षा मोठा आहे. मधुमेहतज्ज्ञांकडे जाऊन औषधं बदलून घ्या. टिर्झेपेटाइड हे साखर आणि वजन दोन्ही उतरवणारं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक व्हायल ३,५०० ची होती, आठवड्याला एक, म्हणजे महिना १४,०००. त्याच कामाच्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं होतं, त्यामुळे तिथे स्वस्त पर्याय विचारा. बाह्यरुग्ण औषधांचे पैसे विमा सहसा देत नाही आणि इंजेक्शन थांबलं की बरंच वजन परत येतं. पण औषधांनीच साखर आटोक्यात आली, तर शस्त्रक्रियेची घाई उरणार नाही. ती नाही आली, तर सौम्य उपाय फसल्याचा पुरावा फाइलमध्ये असेल. औषधाला गेलेले पैसे वजा जाऊन उरेल ते बाजूला टाका. स्वतःच्या पॉलिसीतही लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला वेगळी प्रतीक्षा किंवा रकमेची मर्यादा आहे का, ते आजच पाहून ठेवा. नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका.

डॉक्टरांनी थांबणं धोक्याचं म्हटलं तर पर्सनल लोनऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतं, एफडी मोडत नाही, आणि वापराल तेवढ्याच रकमेवर व्याज लागतं. मात्र सव्वाचार लाख १८,००० च्या दराने फेडायला व्याजासकट दोन वर्षांहून थोडा जास्त वेळ लागेल आणि त्याच काळात लेकीची फी येईल. म्हणून हा मार्ग तिसरा.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, फी नाही, वकील लागत नाही. ज्या कलमावर नकार दिला ते कलम पत्रात लिहून मागा, फोनवरचा नकार चालवून घेऊ नका.

आणि घराच्या कर्जावर तुमची सही आहे, पण तुमच्या नावावर टर्म विमा नाही. तो अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी, खरं वजन आणि मधुमेह लिहून करा. प्रीमियम जास्त लागेल. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच कंपन्या काही काळ अर्जच पुढे ढकलतात.