आठ कोंबड्या, एक गोधडी आणि बर्फाचे चार महिने

तुम्ही विचारलंत की थंड देशात, गावाबाहेर एकरभर जागा घेऊन राहायला जाताय, आठ कोंबड्या पाळायच्या आहेत, गोधड्या शिवायच्या आहेत, तर हिवाळ्यातले दिवस जातात कसे. व्हिसा आणि घरखरेदीची माहिती सरकारी पानांवर आहे, ती सोडून देते.

सगळ्यात आधी पाणी. कोरड्या थंडीची कोंबडीला फारशी भीती नसते. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, पिसं फुलवून ती ऊब धरते. पाणी मात्र तासा-दोन तासांत गोठतं, आणि पाणी नसलं की ती खाणं सोडते, अंडी थांबतात. आठ जणींना दिवसाला दोन-अडीच लिटर लागतं. त्यासाठी जाड रबराचं घमेलं घ्या. बर्फ झाला की उलटं करून पायाने दाबायचं, गोळा सुटून पडतो. प्लास्टिक तडकतं, आणि निपलच्या नळ्या (चोच लावली की थेंब देणाऱ्या) पहिल्याच कडक थंडीत बंद पडतात. उजाडताना, दुपारी आणि अंधार पडायच्या तासभर आधी अशा तीन फेऱ्या धरा. अंडीही त्याच फेऱ्यांत उचला, राहिलेलं अंडं गोठून फुटतं. रात्री पाणी खुराड्यात ठेवू नका.

ते का, तर खुराड्यातला खरा शत्रू ओल आहे. श्वासाची वाफ आणि विष्ठेतलं पाणी छताला लागतं, रात्री गोठतं, आणि त्या दमट हवेत तुऱ्याला हिमदंश होतो, टोकं काळी पडतात. (काळं पडलेलं चोळू नका, कापू नका. ते आपोआप सुकून पडतं.) नवे लोक ऊब राहावी म्हणून प्रत्येक फट बुजवतात आणि नेमकं इथेच चुकतं. झरोके उघडेच हवेत, पण कोंबड्या बसतात त्या दांडीच्या वर, छताजवळ. दांडीच्या उंचीवर वारा लागता कामा नये. सकाळी दार उघडताच अमोनियाचा दर्प आला किंवा काचेवर आतून दव दिसलं, तर झरोका लहान पडतोय.

आठ कोंबड्यांना आत किमान ३२ चौरस फूट जागा द्या. दांडी गोल नको, दोन बाय चार इंचांची फळी रुंद बाजू वर करून बसवा, म्हणजे बसल्यावर पावलं पिसांखाली झाकली जातात. प्रत्येकीला ८ ते १० इंच. खाली गादी पद्धत ठेवा: शरद ऋतूत लाकडाच्या ढलप्यांचा ६ इंच थर, दर आठवड्याला दाताळ्याने वरखाली, ओलं दिसेल तिथे नव्या ढलप्या. वसंतापर्यंत तो फूटभर होतो आणि बागेला खत मिळतं. उष्णतेचा दिवा टांगू नका, हे कळकळीने सांगते. धूळ, कोरड्या ढलप्या आणि तापलेला बल्ब यांतून खुराडी जळतात. शिवाय दिव्याला सरावलेल्या कोंबड्या वीज गेलेल्या रात्री गारठतात.

खाद्य दिवसाला साधारण एक किलो, म्हणजे चार महिन्यांचं सव्वाशे किलो. झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा, नाहीतर उंदीर आधी खातील. संध्याकाळी मूठ-दोन मूठ मका द्या, रात्रभर तो पचताना ऊब देतो. जमीन बर्फाखाली गेली की त्यांना खडे वेचता येत नाहीत आणि पोटात दाणा दळला जात नाही, म्हणून बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवा. शिंपल्यांचा चुरा वेगळा, तो कवचासाठी. अंडी चालू राहायला कोंबडीला १४ तास उजेड लागतो. त्यासाठी साधा दिवा लावायचाच तर पहाटे लावा. संध्याकाळी तो अचानक विझला तर त्या दांडीवर न चढता अंधारात अडकतात. न लावता त्यांना विश्रांती दिलीत, तर मला ते जास्त पटेल.

कोंबड्या किती, कोंबडा चालतो का, शेजाऱ्याच्या हद्दीपासून खुराडं किती लांब, हे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या कार्यालयातून लेखीच घ्या. तोंडी होकार देणारा माणूस पुढच्या खेपेला त्या खुर्चीत नसतो. मूल असेल तर शाळेचंही तसंच: वर्ग वयाप्रमाणे देणार की मागच्या गुणपत्रिकेप्रमाणे? उच्चार वेगळा म्हणून भाषाच येत नाही असं धरून मुलाला मागे बसवतात, आणि मूल घरी येऊन काही बोलत नाही. हे मला अजून सलतं.

आता गोधडी. ६० बाय ७२ इंचांची धरा. शिवून झाल्यावर ६ इंचांचा चौकोन हवा, तर साडेसहाचा कापा, कारण चहूकडून पाव इंच शिवणीत जातं. असे १२० तुकडे. ४२ इंच पन्ह्याच्या एका पट्टीतून ६ निघतात, म्हणजे २० पट्ट्या, १३० इंच कापड. पावणेचार मीटर घ्या. शिवण दोन्ही तुकड्यांतून एकेक मिलिमीटर जास्त गेली तरी ९ शिवणींच्या ओळीत जवळपास २ सेंटिमीटर घटतात आणि ओळी जुळत नाहीत. पहिली ओळ मोजून मगच पुढे जा.

अस्तर आणि मधला थर चारी बाजूंनी ४ इंच मोठे ठेवा. कच्चे टाके मध्यापासून कडेकडे, वीतभराहून कमी अंतराने घाला. कडेपासून सुरुवात केली की मध्ये फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. दोरा ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, तो पिंजतो. टाके घालताना कापड धरणाऱ्या लाकडी रिंगमध्ये ते थोडं सैल ठेवा, ताणलेल्या कापडात सुई डोलत नाही. इंचात सहा टाके आले तरी पुरे, सारखे आले पाहिजेत. काठाला अडीच इंची ७ पट्ट्या, अर्धा मीटर कापड.

गडद कापडावरचं काम दहा ते दोनच्या उजेडात करा. आणि हात जपा. गोठलेलं घमेलं उघड्या हातांनी धरलं की बोटांना भेगा पडतात, दुपारी प्रत्येक धागा त्यांत अडकतो. बाहेर रबरी हातमोजे, आत आल्यावर मलम. खुराड्यातला कोट कापडाच्या खोलीत आणू नका, धूळ पांढऱ्या अस्तरावर बसते.

एकटेपणाचं तुम्ही विचारलं नाहीत. दिवसचे दिवस तुमचं मराठी फक्त कोंबड्या ऐकतील. त्यांच्याशी मोठ्याने बोला. माझं मराठी अशा दिवसांत तेवढ्यावरच राहिलं. घरी फोन करताना "इथे छान आहे" एवढंच म्हणू नका, अंधार किती वाजता पडतो ते सांगा.

शेवटच्या फेरीला टॉर्च घेऊन दांडीवरच्या आठही मोजा. कोल्ह्यासाठी खिडकीला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी हवी, षटकोनी जाळी तो दातांनी फाडतो. कडीला वर एक कडी हवी, आणि ती लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय परतू नका.