पोलीस रोडवर उभे राहून पावत्या फाडतात, त्याने मरणारे कमी होतात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावच्या रोडवर वर्षभरात तीन जण गेले, पोलीस आठवड्यातून दोनदा पुलाजवळ उभे राहतात, हेल्मेट अन लायसन बघून पावत्या फाडतात, तर याने मरणारे खरंच कमी होतात का आणि गावाने काय करावं. थोडक्यात उत्तर: कमी होऊ शकतात, पण पोलीस जे बघतात त्याने कमी, जे बघत नाहीत ते बघायला लागले तर जास्त. हे मी एवढं छातीठोकपणे का सांगतो ती मोठी लांबड आहे, वाचायची तर वाचा नाहीतर खाली जा.

२०१४ चा डिसेंबर. आमच्याकडे तापीच्या पट्ट्यात त्या वेळी कापसाची गडबड असते. मी एकवीस वर्षांचा, कॉलेज नावापुरतं. आबा, म्हणजे माझे मोठे काका, ट्रॅक्टर चालवत होते अन मी मडगार्डवर. ट्रॉलीत कापूस पायाने तुडवून तुडवून भरलेला, चारी बाजूंनी फुगलेला, वरून ताडपत्री, अन ताडपत्रीचा मागचा कोपरा लोंबत होता तो बरोब्बर टेल लाईटवर. तसाही तो लाईट लागत नव्हताच. वायर उंदराने कुरतडली होती त्याला दोन वर्षं झाली होती, नवीन टाकायला कोणाला टाईम नव्हता. मागे रेडियम म्हणाल तर एक लाल तुकडा होता, तळहाताएवढा, त्याच्यावर शेणाचे अन चिखलाचे थर.

साडेसहाच्या सुमारास एका नाक्यावर पोलिसाने हात केला. कुठला नाका ते लिहित नाही. आबांनी ट्रॅक्टर थांबायच्या आधीच खिशात हात घातलेला. तो माणूस ट्रॅक्टरच्या पुढून आला, कागद मागितले, कागद घरी, मग शंभराची नोट अन 'जा बरं लवकर, साहेब येतायत'. मागे गेलाच नाही. ट्रॉलीच्या मागच्या फळीपर्यंत किती पावलं असतील, दहा? बारा? आबा पुढे दोन किलोमीटर खुशीत होते, पाचशेचं काम शंभरात झालं म्हणून. मी पण हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

सातच्या पुढे ट्रॉलीचं डावं चाक बसलं. साईडपट्टी म्हणजे डांबराच्या कडेपासून वीतभर खोल खड्डाच, उतरवली असती तर ट्रॉली कलंडली असती, म्हणून अर्धी रोडवरच ठेवली. मग आपल्याकडे जे सगळेच करतात तेच केलं: चाकामागे दोन दगड लावले, मागे वीसेक पावलांवर आणखी तीन दगड अन निंबाचा एक डहाळा. झालं, याला आपल्याकडे सेफ्टी म्हणतात. (अन ते दगड नंतर कोणी उचलत नाही, सकाळी त्याच दगडांवरून दुसरा कोणीतरी पडतो, हा वेगळाच विषय.) आबांनी पंक्चरवाल्याला फोन केला, तो म्हणे तासाभरात येतो. मला सांगितलं मागे उभा रहा अन मोबाईलची बॅटरी हलव. साधा बटणाचा मोबाईल होता, वर टॉर्चवाला. मी अर्धा-पाऊण तास हलवली. थंडी होती, डिसेंबरात आमच्याकडे रात्री दातखीळ बसते. आबांनी पुढे काटक्या पेटवल्या होत्या. मोबाईलची एकच कांडी राहिली, म्हटलं थोडं शेकून येतो. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

समोरून एक ट्रक अप्परवर लाईट टाकून आला. तो आमच्या बाजूला येता येताच मागे आवाज झाला. ब्रेकचा आवाज आलाच नाही, सरळ आदळल्याचाच आला.

दोघं होते बाईकवर. चालवणारा पंचविशीतला, मागे त्याचा मेहुणा. हँडलला पिशवी होती भरताच्या वांग्यांची, ती सगळी हिरवी वांगी रोडभर घरंगळली होती, अन मी बॅटरी घेऊन पळत गेलो तर आधी मला वांगीच दिसली, मग तो. मेहुण्याचा पाय मोडला होता, तो ओरडत होता. दुसरा काहीच बोलत नव्हता. १०८ ला फोन लावला, पण ती लांबच्या गावाहून निघणार होती. चार-पाच गाड्या स्लो झाल्या, बघितलं अन गेल्या. शेवटी एका काळी-पिवळीवाल्याने सीट रिकामी केल्या, दोघांना टाकलं अन नेलं. पोराचा रस्त्यातच जीव गेला.

आबांवर ३०४ अ लागलं, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम. सहा वर्षं तारखा खाल्ल्या, शेवटी सुटले. पण नुकसानभरपाईच्या दाव्यात ट्रॅक्टरचा विमा निघाला अन ट्रॉलीचा नाही, विमा कंपनीने हात वर केले, आम्ही दीड एकर बागायत विकलं. मला वाईट जमिनीचं वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आबा आजपर्यंत एकच वाक्य बोलतात, "बिगर हेल्मेटना व्हता तो. त्याना नशीबमा व्हतं, आपन काय करसूत?"

म्हणून तुमच्या प्रश्नात 'फक्त हेल्मेट बघतात' हे वाचलं अन डोकं फिरलं. आमच्या घरात हेल्मेट हा शब्द अकरा वर्षं ढाल म्हणून वापरला गेलाय.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण हे मी बऱ्याच जणांना सांगितलंय अन कोणी मनावर घेत नाही. पुढच्या वर्षी एका अमावस्येच्या रात्री तीच ट्रॉली आमच्या शेताच्या रोडला उभी केली, लहान भावाला बाजूला बसवलं, अन बाईक घेऊन लांबून आलो, लाईट डिपरला. रोडच्या कडेला विजेचे पोल आहेत, आमच्याकडे दोन पोलांत साधारण ५० मीटर अंतर आहे, मी नंतर टेप लावून मोजलं. बिना रेडियमची ट्रॉली मला पाऊण पोलावरून दिसली. म्हणजे पस्तीस-चाळीस मीटर. अन मला तर माहीतच होतं तिथे ट्रॉली उभी आहे! मग भावाने मागच्या फळीवर लाल पट्टी लावली, दुकानात मीटरवर मिळते ती, पूर्ण रुंदीभर, अन मी परत आलो. चार पोलांवरून दिसली. भाऊ म्हणे दादा तू आत्ताच कसा थांबला.

आता हिशोब करा. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. माणसाला दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक-दीड सेकंद, म्हणजे पंचवीस मीटर तिथेच संपले, त्याच्यापुढे ब्रेक लागून थांबायला अजून वीसेक मीटर. चाळीस मीटरवरून दिसलेली ट्रॉली म्हणजे आदळणारच. त्यात समोरचा अप्पर मारत असेल तर विचारूच नका. अन ते पोरगं फार जोरात होतं असंही नाही, मेहुणा कोर्टात म्हणाला पन्नास-साठ. एवढ्या स्पीडने तुम्ही-आम्ही सगळेच जातो.

पट्टीचा खर्च मला तेव्हा दोनशे रुपयेसुद्धा आला नाही.

तर पोलिसांचं. माझं सरळ मत आहे, पोलीस उभे राहायलाच पाहिजेत, जे म्हणतात पोलीस हटवा ते मूर्ख आहेत. पण ज्या गोष्टीने माणूस मरतो ती बघायला मागे जावं लागतं, अंधारात उभं राहावं लागतं, अन ते कोणाला नको. दिवसा अकरा ते एक पुलावर उभं राहायचं, सावली आहे, गाड्या आपोआप स्लो होतात, टार्गेट पूर्ण. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेअकरालाच मेसेज पडतो, 'पुलावर उभे आहेत'. मग सगळे नाल्यावरून जातात. दंड डिसेंबर २०२१ पासून आपल्याकडे चांगलेच वाढलेत, पण दंड किती आहे याने माणूस सुधरत नाही, आपण सापडणार याची खात्री किती आहे याने सुधरतो. दर आठवड्याला जागा बदला, टाईम बदला, रात्री आठ ते अकरा उभे रहा, ते दारू पिऊन चालवणारे सापडतील ते वेगळेच. तोंडाला मशीन लावली की समजतं, शंभर मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर गेला की कायद्याने तो पिऊन चालवतोय. पण ढाब्यावरून निघणाऱ्या गाड्यांना मशीन लावलेली मी तरी आमच्याकडे क्वचितच बघितली.

अन मालाच्या गाडीवर बसलेली माणसं! हे तर डोळ्यांनी दिसतं, याला मशीन लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक रात्री उलटला, त्यात पंधरा मजूर गेले, सगळे गरीब घरचे. तुमच्या रोडला मालावर माणसं बसवलेल्या गाड्या किती नाक्यांवरून तशाच पुढे जातात ते एकदा मोजा.

सरकारी आकड्यांत २०२२ ला देशात रोडवर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं गेली, त्यातले ७१ टक्के ओव्हरस्पीडच्या खात्यात. ओव्हरस्पीड खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण कारण लिहितो कोण, तर पंचनामा करणारा. आमच्या केसमध्ये पहिल्या कागदावर काय होतं माहितीये, 'मोटारसायकलस्वाराने भरधाव वेगाने'. ट्रॉलीचा लाईट नंतर आला, तोही मेहुण्याच्या वकिलाने आणला म्हणून.

तुम्ही विचारलं गावाने काय करावं. आधी रोड कोणाचा ते काढा, हायवेचा, बांधकाम खात्याचा की झेडपीचा, नाहीतर वर्षभर अर्ज इकडून तिकडे फिरतो. नॅशनल हायवे असेल तर १०३३ ला फोन करून तक्रार नोंदवा. ब्लॅक स्पॉट, म्हणजे सारखे अपघात होणारी जागा, म्हणून घ्यायला नियम असा आहे की ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच अपघात किंवा दहा मृत्यू, अन त्या पाच अपघातांत मृत्यूच लागतो असं नाही, गंभीर जखमी पण धरतात. हे कोणी सांगत नाही. म्हणजे तुमचे तीन मयत अन हात-पाय मोडलेले दोन असे पाच अपघात एकाच पट्ट्यात निघाले तर तुमचा अर्ज बसतो. सगळ्यांच्या एफआयआरच्या नकला जोडा अन कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते तिच्याकडे द्या. लगेच होईल असं नाही, जळगावात हायवेला समांतर रस्ते व्हावेत म्हणून लोकांना किती आंदोलनं करावी लागली ते सगळ्यांना माहितीये.

अन जखमीला उचलायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १३४ अ आहे, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-गाव सांगायची सक्ती नाही. २०२५ पासून तर वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला २५ हजारांचं बक्षीस आहे. त्या काळी-पिवळीवाल्याला यातलं काही नव्हतं, उलट त्याला दोनदा स्टेशनला बोलावलं, तरी त्याने नेलं.

ट्रॉल्यांचं मात्र गावातच करा, पोलिसांची वाट बघू नका. आम्ही पोळ्याच्या आधी बैलांना रंग देतो त्याच दिवशी ट्रॉल्यांना पट्टी लावायची असं ठरवलंय, चार वर्षं झाली, अजून निम्म्या ट्रॉल्या बाकी आहेत. म्हणतात रेडियम लावलं की आरटीओची नजर पडते. काय बोलणार. बैलगाड्यांना पण लावा, मागून दिसेल अशी, दोन्ही चाकांना. आबांची बैलगाडी मी त्यांना न विचारता लावून टाकली, ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण काढली पण नाही.

एक गोष्ट वर मुद्दाम लिहिली नव्हती. पोस्टमार्टममध्ये मार डोक्यालाच होता. बाकी अंगावर फार काही नव्हतं. मेहुण्याला नंतर दोनदा भेटलो, तो म्हणे घरून निघताना हेल्मेट खुंटीला होतं, म्हटलं इथल्या इथे जायचंय. चांगल्या हेल्मेटने मरायची शक्यता साधारण ४० टक्क्यांनी कमी होते म्हणतात. म्हणजे वाचला असता की नाही कोणी सांगू शकत नाही, पण नाही वाचला असता असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. त्यामुळे तुमचे पोलीस पुलावर हेल्मेटच्या पावत्या फाडतात ते अगदीच फुकट नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत डोकं उकडतं, मला पण उकडतं, तरी मी घालतो, आयएसआयवालं, पट्टा लावून.

तुम्ही पण घाला. फक्त हे उत्तर आबांपर्यंत जाऊ देऊ नका.